किती सुटलीस, किती वाळलीस!

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या कुठल्याही मंगल कार्यालयात लग्नाच्या दिवशी अर्धा तास बसलं तरी पुरे. अक्षता पडायला वेळ असतो, खुर्च्यांच्या रांगांमधून विचारपूस चाललेली असते, आणि बायकांच्या बाजूला त्या विचारपुशीची सुरुवात पीकपाण्यानं किंवा कापसाच्या भावानं होत नाही. ‘लई वाळलीस गं, सासू खाऊ घालती का नाही?’ नाहीतर, ‘चांगलीच सुटलीस की! एका लेकरातच ही गत?’ बोलणारी बहुतेक वेळा मायेनंच बोलते. ऐकणारी हसून वेळ मारून नेते. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, कारण बाईचं अंग हा आपल्याकडं चारचौघांत बोलायचाच विषय आहे. पुरुषाला कुणी भेटल्याभेटल्या कमरेचं माप विचारत नाही.

आपण कसे दिसतो याचं प्रत्येकाच्या मनात एक चित्र असतं. मानसशास्त्रात त्याला देहप्रतिमा म्हणतात. ते आरशातून कमी आणि माणसांतून जास्त तयार होतं. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की जिथं पक्कं माप नसतं, तिथं माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघतो. उंची फुटात मोजता येते. ‘बरी दिसते का’ हे कशात मोजणार? मग जाऊ, चुलतबहीण, वर्गातली मैत्रीण आणि आता फोनमधली कुणी अनोळखी पोरगी हेच माप होतं. पुढं १९९९ मध्ये केव्हिन थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दबावाच्या तीन वाटा दाखवल्या: घर, बरोबरीच्या मैत्रिणी आणि प्रसारमाध्यमं. शहरात छापून येणारे लेख सगळं खापर तिसऱ्यावर, म्हणजे फोनवर फोडतात. तालुक्याच्या गावाबद्दल माझं मत वेगळं आहे. इथं पहिला नंबर घराचा. आणि घर म्हणजे नुसते आईबाप नव्हेत. आत्या, मावशी, चुलती, भिंतीपलीकडची काकू, स्थळं घेऊन येणारे मध्यस्थ, असा सगळा गोतावळा त्यात येतो.

या गोतावळ्याच्या नजरेत एकच माप असतं तर गोष्ट सोपी होती. पण आज सेलूत सत्तरी गाठलेली जी आजी आहे, तिनं १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. त्या वर्षी मराठवाड्यातल्या बायका सरकारी कामांवर खडी फोडायला गेल्या, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लालसर भाकरी थापल्या. त्या पिढीला वाळलेलं अंग म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिच्या हिशेबात अंगावर मांस असणं ही इभ्रत आहे. भरल्या अंगाची सून म्हणजे खात्यापित्या घरची. नातीच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसली की तिला नात आजारी वाटते, आणि त्याहून जास्त म्हणजे घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. नात मात्र ती हाडं दिसावीत म्हणून खटपट करत असते. आजी भाकरीवर तूप वाढते, नात ते भाकरीच्या तुकड्यानं निपटून ताटाच्या कडेला सारते. मधे आई. ती आजीच्या देखत ‘खा गं’ म्हणते आणि आत स्वयंपाकघरात ‘लग्नापर्यंत जरा आवर’ असंही म्हणते. एकाच ओट्यावर दोन विरुद्ध हुकूम निघतात, आणि पोरीनं त्यातून काय समजायचं ते समजायचं.

‘लग्नापर्यंत’ हा शब्द इथं फार वजनाचा आहे. मुलीच्या बायोडेटाचा कागद एकदा नीट बघावा. वर गणपती, मग नाव, जन्मवेळ, रास, नक्षत्र. त्याखाली उंची, आणि मग रंग. रंगाच्या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ यांतलंच काहीतरी लिहिलेलं असतं. सावळी मुलगी कागदावर शोधून सापडायची नाही. बांध्याला ‘सडपातळ’. शिक्षण, नोकरी त्याच्या खाली. मुलाच्या कागदात हाच क्रम असतो, पण वाचणारे एकर, पगार आणि प्लॉट यांवरच थांबतात. मुलीच्या रंगा-बांध्याचा हिशेब पुढं हुंड्याच्या बोलणीत धरला जातो, आणि हे मुलींना कुणी मुद्दाम शिकवत नाही. दारामागून ऐकून त्या शिकतात.

शिकायचं वय तरी काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पुरं व्हायच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के होता. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण अभिमानानं म्हणतो. या आकड्यात परभणी राज्यात सगळ्यात वर होती, त्याची घोषणा कुणी केली नाही. देहप्रतिमेच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की पंधरा-सोळाव्या वर्षी, हाडं अजून वाढत असताना, कमरेभोवती चरबी धरण्याचं शरीराचं नैसर्गिक काम चालू असतानाच, त्या अंगाची पारख करायला पाहुणे येऊन बसतात. वयात येताना मुलीचं वजन वाढणारच. ती वाढ नेमकी बघण्याच्या कार्यक्रमांच्या हंगामात येते.

मग उपाय सुरू होतात, आणि ते दोन्ही बाजूंनी. जाड म्हटलेली मुलगी रात्रीचं जेवण सोडते. बारीक म्हटलेलीला ‘अंग धरायची’ गोळी आणून दिली जाते. लहान गावांतल्या औषध दुकानांत अशा कामासाठी चालणाऱ्या औषधांत दोन मुख्य आहेत. सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं भूक वाढते आणि झोपही येते. दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. त्यानं चेहरा गोल होतो, गाल भरतात, आठ-पंधरा दिवसांत ‘तब्येत सुधारली’ असं सगळे म्हणू लागतात. ती तब्येत पुष्कळशी पाण्याची आणि चरबीची सूज असते. असं स्टिरॉइड बरेच दिवस घेऊन एकदम थांबवलं तर शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर आळसावलेली असते आणि माणूस कोसळू शकतो. रंगासाठीही तीच गत. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं. पण तिच्याहून घातक ठरल्या त्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाच्या ट्यूबा. त्यांनी कातडी पातळ होते, उन्हात भाजते, चेहऱ्यावर लव येते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर आहे.

आता माध्यमांकडं वळू, कारण त्यांचा जोर नाकारण्यात अर्थ नाही. या बाबतीतला सगळ्यात बोलका अभ्यास प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवरचा आहे. तिथल्या नाद्रोगा भागात भरदार अंगाची बाई सुंदर मानत. पोरगी बारीक झाली की घरचे काळजीत पडत. म्हणजे आपल्या आजीचंच राज्य. १९९५ मध्ये तिथं टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही येऊन काही आठवडे झाले असताना शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, पुन्हा केली. खाण्याच्या सवयी बिघडल्याचं दाखवणाऱ्या प्रश्नावलीत धोक्याच्या रेषेवर गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन उतरवायला मुद्दाम ओकारी काढणाऱ्या मुली पहिल्या वेळी एकही नव्हत्या, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के होत्या. मुलींची संख्या दोन्ही वेळा साठ-पासष्टच होती, त्यामुळं आकडे डोळे झाकून सगळीकडं लावता येत नाहीत. पण मुलींनी जे सांगितलं ते महत्त्वाचं. परदेशी मालिकांतल्या बायकांसारखं व्हायचंय, कारण तशांना नोकरी मिळते, मान मिळतो, असं त्या म्हणत होत्या. बारीक कंबर त्यांना गावाबाहेर जाण्याचं तिकीट वाटली. सेलूहून परभणीला किंवा जालन्याला शिकायला रेल्वेनं जाणाऱ्या मुलीच्या मनात काही वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आपल्या पडद्यानं या विषयाला हात घातलाच नाही असंही नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’ (२०१६) या चित्रपटात सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजनानं गांजलेल्या दोघी मैत्रिणी केल्या, आणि त्यासाठी दोघींनी खरोखर वजन वाढवलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘सुंदरा मनामध्ये भरली’ मालिकेची नायिका लठ्ठ होती. अक्षया नाईकनं ती भूमिका केली. ‘रंग माझा वेगळा’ची नायिका सावळी, पण तिच्यासाठी रेश्मा शिंदेला मेकअपनं काळं करावं लागलं. सावळ्या नट्या महाराष्ट्रात कमी पडल्या होत्या की काय, कोण जाणे. या मालिकांनी घराघरात चर्चा घडवली हे खरं. जाड किंवा सावळ्या बाईची गोष्ट मात्र तिच्या जाडीभोवती नाहीतर रंगाभोवतीच फिरायची. तिला जमिनीचा वाद, बढती किंवा साधा आळस यांवरची गोष्ट अजून क्वचितच मिळते.

फोनची गोष्ट टीव्हीच्या पुढची, कारण तिथं नायिका नसून वर्गातलीच मुलगी असते, आणि तिचा चेहरा फिल्टरनं गोरा नि निमुळता झालेला असतो. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. त्यांत कंपनीच्याच पाहणीची नोंद होती: शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी सांगितलं की इन्स्टाग्राममुळं ते आणखी वाईट वाटतं.

इथवर जे सांगितलं तो मनाला होणारा त्रास. त्याचा आजार कधी होतो? इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं: अन्न टाळून टाळून वजन धोकादायक खाली जातं, तरी रोगी थांबत नाही. अधाशासारखं खाऊन मग ओकून टाकायचं, या ‘बुलिमिया’ची ओळख जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये करून दिली. न ओकता, पण ताबा सुटून खाण्याच्या विकाराला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत स्वतंत्र जागा २०१३ मध्ये मिळाली. मनोविकारांत ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांपैकी आहे. आणि हे सगळं समाजच घडवतो असंही समजू नये. जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं की ॲनोरेक्सियाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा आनुवंशिक आहे. एकाच घरात, तेच टोमणे ऐकून, एक बहीण खाणं सोडते आणि दुसरी खांदे उडवून पुढं जाते, ते यामुळं.

हे आजार आपल्याकडं नाहीतच, असं बरीच वर्षं डॉक्टरही म्हणत. १९८९ मध्ये मायकल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना पाश्चात्त्य प्रश्नावली दिली तर चारातल्या एकीहून जास्त मुली आजारी ठरल्या. खोलात गेल्यावर कळलं, बऱ्याच उत्तरांमागं उपास आणि जेवणाचे रीतिरिवाज होते. प्रश्नावली परकी होती. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच तरुणींचे वृत्तांत प्रसिद्ध केले. खाणं बंद, वजन घसरलेलं. पण ‘मी जाड होईन’ ही पुस्तकातली भीती त्यांच्या बोलण्यात नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनाही तसेच रोगी भेटले होते: पोट भरल्यासारखं वाटतं, भूकच नाही, असं ते म्हणत. आपल्याकडची मुलगी ‘मला बारीक व्हायचंय’ असं उघड म्हणत नाही. ती म्हणते, ‘ॲसिडिटी आहे’, ‘जात नाही’, ‘आज माझा उपास आहे’.

उपासाला नाही म्हणायची सोय कुठल्याच घरात नाही. आठवड्याचा एखादा वार, दोन एकादश्या आणि एक संकष्टी धरली तर महिन्याचे सात दिवस झाले. शिवाय श्रावणी सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि पाणीही न घेता केलेली हरतालिका. बहुतेक बायका हे सगळं आनंदानं करतात. त्यांच्या उपासात साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, दाण्याचे लाडू असा थाट असतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच आलेली नाही. श्रद्धेचा उपास आणि आजाराचा उपास यांत फरक आहे, आणि तो बारकाईनं पाहिलं तर दिसतो. श्रद्धेची बाई दुसऱ्या दिवशी उपास सोडताना खुशीत असते. आजारी मुलगी सोडायची वेळ पुढं ढकलते. तिचे वार वाढत जातात. खिचडीही ती दोन चमच्यांवर संपवते, तूप नको म्हणते, आणि सगळ्या घराला मात्र आग्रहानं वाढते. देवाच्या नावाखाली असल्यामुळं तिला हटकायचं पाप कुणी घेत नाही. उलट कौतुक होतं.

उपाशी राहिल्यानं पुढं काय होतं, याचा पुरावा बायकांवरच्या नव्हे, पुरुषांवरच्या प्रयोगातून मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे निम्म्या आहारावर ठेवलं. त्यांनी सुमारे पाव वजन गमावलं. पण लक्षात राहतात ते त्यांचे चाळे. रूपाची कसलीही चिंता नसलेले हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताट चाटू लागले, एक घास तासभर पुरवू लागले. चिडचिडे झाले, माणसांतून उठले. बंधन उठल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात सुटले आणि तरी समाधान होईना. म्हणजे रात्रंदिवस अन्नाचाच विचार, मग ताबा सुटणं, ही भुकेल्या मेंदूची प्रतिक्रिया आहे. दिवसभर काही न खाता रात्री अकराला अंधारात डब्यातले लाडू संपवणाऱ्या आणि मग स्वतःला हावरट म्हणून रडणाऱ्या मुलीला ही माहिती कुणी देत नाही. तिला वाटतं, आपल्यातच खोट आहे. दुसऱ्या दिवशी ती आणखी कडक उपास धरते, आणि चक्र पुन्हा फिरतं.

आजार लपायची दुसरी जागा म्हणजे शेवटची पंगत. सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी बसून जेवणारी बाई किती जेवली हे कुणालाच माहीत नसतं. उरलं तेवढं खाणं ही रीत, आणि न खाणं हीसुद्धा त्या रीतीतच बसून जातं. संशोधक डायेन कॉफी यांनी त्याच राष्ट्रीय पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीवरून हिशेब केला तेव्हा भारतातल्या सुमारे ४२ टक्के बायका गरोदरपणाच्या सुरुवातीलाच कमी वजनाच्या होत्या. महाराष्ट्रात पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता, २०.८ टक्के जास्तच बारीक आणि २३.४ टक्के वजनदार होत्या. शाळेत किशोरींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. पण आधीच उपाशी पोटी असलेल्या मुलीला त्या गोळीनं मळमळतं, आणि तिला ती मळमळ बरीच वाटते: न जेवायला कारण मिळालं. अशी मुलगी रक्तक्षयाच्या रकान्यात मोजली जाते. तिनं खाणं का सोडलं, याचा रकाना नाही.

मराठवाड्यात वजनाची चर्चा घराघरात नेली ती एका डॉक्टरांनी. त्या वेळी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून दोन वेळच्या जेवणाची पद्धत मांडली: दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि चालायला जायचं. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं, घरचं, तूप घालून खा म्हणत होत्या. २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद महाराष्ट्रात राजकारणाइतक्या हिरिरीनं रंगला. पोट सुटलेल्या, बैठ्या कामाच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या चाळिशीतल्या माणसानं दोनदा जेवावं की चारदा, हा प्रश्न वैद्यकाचा आहे आणि तो डॉक्टरांनी सोडवावा. माझं म्हणणं त्या माणसाच्या लेकीबद्दल आहे. बाबांचा डाएट घरात आला की सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात एक सभ्य निमित्त येतं. ‘मी दीक्षितवर आहे’ म्हटलं की सकाळच्या नाश्त्याचा प्रश्नच मिटतो. नियम मोठ्यांसाठी होता, हे विचारायला कुणी थांबत नाही.

त्यात बारीक म्हणजे निरोगी हे समीकरणही आपल्या देशात कच्चं आहे, आणि ते कच्चं असल्याचं पुण्यातच दाखवून दिलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. जन्माला येणारं मूल वजनानं कमी, पण चरबी त्या मानानं जास्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची-वजनाच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. (या गुणोत्तराला बीएमआय हे नाव दिलं ते वर आलेल्या त्याच कीज यांनी, आणि तेही १९७२ मध्ये.) म्हणून सडपातळ दिसणारी सून साखरेच्या आजाराची असू शकते आणि भरल्या अंगाची जाऊ ठणठणीत असू शकते. डोळ्यांनी वजन करून तब्येत कळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तर नाहीच.

टोमण्यांचा परिणाम खरोखर मोजलेला आहे, तोही मिनेसोटा विद्यापीठातच. डायेन न्यूमार्क-स्टायनर यांनी १९९८ पासून हजारो शाळकरी मुलामुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. घरात वजनावरून चिडवलं गेलेल्या मुलींत ताबा सुटून खाण्याचं आणि वजन उतरवायच्या घातक उपायांचं प्रमाण जास्त निघालं. डाएट करणाऱ्या मुलींचं वजन पाच वर्षांनी, न करणाऱ्यांच्या तुलनेत, वाढलेलं होतं. उलट घरच्यांबरोबर नेमानं जेवणाऱ्या मुलींत असे घातक उपाय पुढच्या पाच वर्षांत कमी दिसले. अमेरिकेचं घर आणि सेलूचं घर एक नव्हे. आपल्याकडं एकत्र जेवण म्हणजे बहुधा पुरुषांचं आणि पोरांचं एकत्र जेवण. मुलगी चौदा-पंधराची झाली की ती ताटावरून उठून वाढणाऱ्यांच्या बाजूला जाते, आणि नेमक्या धोक्याच्या वयात नजरेआड होते.

ओळखायचं कसं? वजनाकडं बघून पुरेसं कळत नाही, कारण बुलिमियात वजन साधारण राहतं. जेवण होताच दरवेळी मोरीत किंवा बाथरूममध्ये जाणं आणि नळ सोडून ठेवणं. बोटांच्या पेरांवर दातांचे वण. कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसणं. वरच्या पुढच्या दातांचं आतल्या बाजूचं कवच पोटातल्या आम्लानं झिजलेलं. हे शेवटचं आधी दातांच्या डॉक्टरांना दिसतं. खाणं सोडलेलीला उन्हाळ्यातही थंडी वाजते, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, पाळी थांबते. पाळी थांबली की घरचे बायकांच्या डॉक्टरांकडं नेतात, गोळ्यांनी पाळी आणली जाते आणि खरं कारण पुन्हा झाकलं जातं. पाळी तीन महिने आली नाही आणि वजनही उतरलंय, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. आणि ओकारी काढत असेल तर तेही, कारण रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

एक इशारा मात्र आजीच्या मायेसाठी. आठवडेच्या आठवडे जवळपास काहीच न खाल्लेल्या मुलीला एकदम तूप-साखर, शिरा, दुधाचे पेले सुरू करू नयेत. अशा शरीरात अन्न अचानक आलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं. अन्न हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि रक्त तपासत वाढवायचं असतं.

किशोरवयीन मुलींच्या ॲनोरेक्सियावर सगळ्यात चांगला पुरावा ज्या उपचाराला आहे, तो लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आला. त्यात मुलीला घरातून काढून नेत नाहीत. आईवडिलांना दोष न देता जेवणाची जबाबदारी काही महिने त्यांच्याच हाती देतात: काय वाढायचं ते त्यांनी ठरवायचं आणि ताट संपेपर्यंत शेजारी बसायचं. सेलूच्या घरात यासाठी आधी आईला ओट्यावरून उठून ताटावर बसावं लागेल, आणि बापाला ताट घेऊन लवकर उठून जाता येणार नाही.

मानसोपचारतज्ज्ञासाठी इथल्या बहुतेकांना परभणी, जालना नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. प्रवासाआधी बोलून बघायचं तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावायचा. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मुलीला स्वतःला बोलायचं नसेल तर आईनं लावला तरी चालतो. तिचं वजन किती घटलं, कशानं आणि किती महिन्यांत, पाळी कधीपासून नाही, आणि जेवणानंतर ती कुठं जाते, एवढं आधी कागदावर लिहून ठेवलं तर पलीकडच्या माणसाला कामाचं सांगता येतं.